आप्पांचं लिंबू आणि ईश्वरीचा ज्वालामुखी

आप्पा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, ते मला दिसलं. नव्या पेठेत एका दुकानात ब्लाउजचं अस्तर बघत उभी होते. दुकानदाराला फोन आला. "व्हय का... कधी?" एवढंच बोलून त्यानं माझ्याकडे न बघता समोरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि उठून शटर अर्ध्यावर ओढलं. समोरच्या दुकानाचं शटर खाली आलं, त्याच्या शेजारचंही. पेठेतला जुना व्यापारी गेला की ओळखीची दुकानं अशी घटकाभर शटर अर्ध्यावर आणतात, हे मला लग्नानंतर कळलेलं. मी आपलं सहज विचारलं, "कोण गेलं हो?" दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं, पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं, आणि मग मला एकदम कळलं. पर्समधून फोन काढला तर नवऱ्याचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल...

थोड्या वेळापूर्वीच तर मी त्यांना जेवायला वाढून बाहेर पडले होते. भाकरी, शेंगाची चटणी, दही. दारातून ओरडून सांगितलं, "आप्पा, पेठेत जाऊन येते हं." आतून आवाज आला, "पदर घे डोक्यावर, ऊन लई हाय." जेवून आडवे झाले ते झोपेतच गेले. आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, चांगलं मरण आलं. आलं असेल. मला मात्र अजून राग येतो. आप्पांना मला अजून बरंच काही विचारायचं होतं, मलाही त्यांना सांगायचं होतं. आम्ही बोलायलाच इतक्या उशिरा लागलो, की आत्ता कुठं रंगात आलो होतो.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे मैंदर्गीचे, तिथून सोलापुरात आले आणि नव्या पेठेत कापडाचं दुकान टाकलं. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक विणकरांच्या घरातलं असेल तर मोडकीतोडकी तेलुगूही. मी वेळापूरची, शेतकरी घरातली. त्यांच्या मुलाची, सिद्धारामची आणि माझी कॉलेजात ओळख झाली आणि लग्न आमचं आम्हीच ठरवलं. तिकडचे लोक वेगळे, इकडचे वेगळे. आप्पा लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले, अक्षता टाकल्या, जेवले आणि एक शब्द न बोलता गाडीत बसले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत.

गैरसमज नको, भांडण अजिबात नव्हतं. त्या घरात सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. आमच्या मधे असायच्या माझ्या सासूबाई, अव्वा. मी म्हणायची, "अव्वा, आप्पांना विचारा, भाकरी वाढू का?" आप्पा ताटावर, माझ्यापासून हातभर अंतरावर. अव्वा त्यांना कन्नडमध्ये विचारायच्या, ते कन्नडमध्ये सांगायचे, आणि अव्वा माझ्याकडे वळून म्हणायच्या, "अर्धी वाढ म्हणतेत." आता मला काही कान नव्हते असं नाही, आणि दोन-तीन वर्षांत तेवढं कन्नडही कळायला लागलं होतं. पण अव्वांचा निरोप येईपर्यंत मी भाकरी हातात धरून उभी! माहेरी हे करून दाखवलं की सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायची. पण मनात एक गोष्ट सलत राहायची. ही खरंच रीत आहे, की मी त्यांना नकोच आहे? रीतीच्या आड राग लपवणं किती सोपं असतं. मला या घरात घेतलंय की नुसतं येऊ दिलंय, हे काही केल्या कळत नव्हतं. विचारायचं म्हटलं तरी अव्वांकरवीच विचारावं लागलं असतं.

मग अव्वा गेल्या आणि घर एकदम मुकं झालं. आप्पांनी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं आणि बाहेरच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकली. सिद्धारामची नोकरी फिरतीची. आठवड्यातले बरेच दिवस घरात मी, आप्पा आणि आमची ईश्वरी. मी ताट ठेवून बाजूला व्हायची. ते ताटातलं तेवढं खायचे. कमी पडलं तर मागायचे नाहीत, जास्त झालं तर तसंच ठेवायचे. हळूहळू ताटातलं राहायला लागलं, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. सिद्धाराम फोनवर विचारायचा, "आप्पा जेवतेत का नीट?" मी काय सांगणार? मला भीतीच वाटायला लागली. हा माणूस असाच एक दिवस उपाशी संपून जाईल आणि मी वाढू का नको करत दारात उभी असेन...

ईश्वरी तेव्हा सहावीत होती. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिनं ज्वालामुखी घेतला होता. दर वर्षी प्रत्येक शाळेत कुणीतरी घेतंच. मी भूगोल घेऊन बी.ए. झालेली, घरी शिकवण्या घेणारी. मला वाटलं, चला, हे तर आपल्या हातचं. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून बाहेरच्या खोलीतच पसारा मांडला. प्लायवूडचा तुकडा, मधोमध प्लास्टिकची बाटली, तिच्याभोवती डोंगराच्या आकारात वाकवलेली तारेची जाळी, आणि जाळीवर चिकटवायला रद्दी. आप्पांनी पाय वर घेतले. मैद्याची खळ मी केली होती, पण कागद काही जाळीवर ठरेनात, घसरून घसरून खाली येत होते. आमचा डोंगर काही केल्या अंग धरेना. आप्पा बराच वेळ बघत होते. शेवटी ईश्वरीला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, खळ पातळ झाली. असल्या खळीनं सूत सुदिक उभं राहत न्हाय."

कित्येक दिवसांत त्यांचं इतकं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी हातातला ओला कागद न सोडताच म्हटलं, "ईश्वरी, आजोबांना म्हणावं, मग तुम्हीच करून दाखवा." आणि आप्पा उठले, धोतराचा सोगा खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमचं काम चालायचं. आप्पा कागद लावायचे, मी जाळी धरायची आणि ईश्वरी मधे बसून निरोप पोचवायची. आप्पांना नुसतं करून भागायचं नाही, त्यांना ते का, हेही कळायला हवं असायचं. "तुझ्या आईला विचार, आत एवढी ऊब येती कुटनं?" मी सांगायची, "आजोबांना सांग, पृथ्वीच्या पोटात इतकं तापलेलं असतं की दगडसुद्धा वितळतो. त्याला शिलारस म्हणतात. तो भोवतीच्या दगडापेक्षा हलका, म्हणून वर यायला बघतो. त्याच्यात वायूही कोंडलेले असतात. वाट मिळाली की उसळून बाहेर." आप्पा थोडा वेळ कागदाच्या पट्ट्या फाडत राहायचे. मग पुन्हा, "आईला विचार, डोंगर आधी का आग आधी?"

हा प्रश्न मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "सांग, आग आधी. बाहेर आलेला रस थिजतो, त्याच्यावर पुन्हा नवा येतो, तोही थिजतो. असा साचत साचत डोंगर होतो."

"म्हंजे डोंगर फुटून आग येत न्हाय. आग येऊन येऊन डोंगर होतो."

"हो म्हणावं."

ईश्वरीनं हातातला ब्रश आदळला. "तुमी दोघं हितंच बसलाय की! आई, मला गणितं हायेत अजून!" आम्ही दोघंही खळीच्या पातेल्यात बघत राहिलो. हसू आलं होतं, मला तरी. पण आधी कुणी हसायचं, हे ठरेना.

मग एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं की आपल्या सोलापूरचा काळा दगड असाच बाहेर आलेला आहे. म्हटलं ईश्वरीलाच, पण आप्पांचे हात थांबले. "मग हितला डोंगर कुटं हाय? मी तर जल्मात बघितला न्हाय." मी सांगितलं, अर्थात ईश्वरीला, की इथं असा एक डोंगर नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा शांतपणे बाहेर येऊन पसरत गेला. तो थिजला, मग खूप काळानं पुन्हा आला, त्याच्यावर पसरला. थरावर थर. आप्पा उठून आत गेले आणि दुकानातले राहिलेले कटपीस घेऊन आले. काळे, राखाडी, करडे. गादीवर ठाण उलगडावं तसा त्यांनी एकेक तुकडा प्लायवूडवर पसरला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. "असं?" कुणाला विचारलं कोण जाणे. मी मान हलवली.

थरांच्या कडेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "मैंदर्गीला आमच्या विहिरीत हायेत असले थर. वर काळा, खाली काळा. आन् मधी एक तांबडा पट्टा. मी ल्हान असल्यापासनं बघतोय. त्यो कशाचा?"

मला ते माहीत होतं, आणि माहीत असल्याचा इतका आनंद आयुष्यात क्वचितच झाला असेल. मी सांगितलं, की दोन उद्रेकांच्या मधे फार मोठा काळ शांततेत गेला. तेवढ्यात वरच्या दगडाची माती झाली. पुढं नवा तापलेला रस त्या मातीवर आला आणि ती भाजून लाल झाली. विटेसारखी. आप्पांनी ईश्वरीमार्फत विचारलं, "मधी किती दिवस गेलं असतील?" म्हटलं, दिवस कसले, माती व्हायला पिढ्यान् पिढ्या जातात. "माती झाली म्हंजे झाडं असतील की तितं. पाखरं असतील." असतील, म्हटलं. ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कात्रीचा. अव्वांच्या इरकलीच्या पदराची तांबडी पट्टी त्यांनी कापून आणली आणि दोन काळ्या थरांच्या मधे घातली. दुकानदाराचा हात, इंचभरही वाकडी गेली नाही. मी तिथून उठून गेले, भाजी करपेल म्हणून. भाजी अजून चिरलीही नव्हती.

प्रदर्शनाला आप्पा स्वच्छ धोतर, टोपी, कपाळाला विभूती लावून आले. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. आमच्या बाटलीत सोडा आणि लाल रंग भरून ठेवला होता, बाजूला कपात व्हिनेगर. परीक्षक आले की ईश्वरी माहिती सांगणार आणि शेवटी व्हिनेगर ओतणार, असं ठरलेलं. परीक्षक दोन टेबलं अलीकडे होते. मी पाण्याची बाटली भरायला गेले, परत येते तो काय... आप्पांनी खिशातून कुंकवाची पुडी, लिंबू आणि छोटा चाकू काढला होता. दुकानात दर अमावास्येला नजर लागू नये म्हणून ते लिंबू कापायचे. नातीच्या कामालाही लागू नये, एवढंच त्यांच्या मनात. लिंबू मॉडेलवरून ओवाळलं, मधोमध कापलं, दोन्ही फोडींना कुंकू लावलं. एरवी त्या पिळून दोन बाजूंना टाकायच्या. पण एका बाजूला कुणाची तरी सूर्यमाला, दुसरीकडे पवनचक्की. दुसऱ्याच्या मालाचं नुकसान नको, म्हणून त्यांनी दोन्ही हात डोंगराच्या तोंडावर नेले आणि...

"आप्पा! लिंबू नको! आप्पा, पिळू नका!"

हा माझा आवाज होता. अख्ख्या हॉलला ऐकू गेला. पदर खांद्यावर घसरलेला, हातात पाण्याची बाटली, आणि मी सासऱ्यावर ओरडत होते. उशीर झालाच होता. फसफसत लाल फेस वर आला, डोंगरावरून ओघळला, कटपिसांवर पसरला, इरकलीच्या पट्टीवरून टेबलावर आला. ईश्वरी रडायच्या बेतात. आप्पा दोन फोडी हातात धरून माझ्याकडे बघत उभे. पहिल्यांदा असं, सरळ.

आता मागं फिरायला वाव नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, बाहेर कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. खायचा सोडा आणा, पळा."

"किती आणू?"

"एक पाकीट. लवकर!"

आणि आप्पा धोतर सावरत खरोखर पळाले. ते येईपर्यंत परीक्षक येऊन गेले. ईश्वरीनं न रडता सगळं सांगितलं, पण ज्वालामुखी काही पेटला नाही, आणि बक्षीस पवनचक्कीला गेलं. आप्पांनी सोडा आणल्यावर आम्ही तिघांनीच पुन्हा उद्रेक केला. टाळ्या शाळेच्या शिपाईमामांनी वाजवल्या.

घरी येताना रिक्षात ज्वालामुखी आमच्या तिघांच्या मांडीवर. मी घामाघूम, आता काय होतंय म्हणून. आप्पा बाहेर बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिंबात आन् सोड्यात असं काय असतंय गं, येवढं उसळायला?"

मला, थेट. मधे ईश्वरी बसली होती, तिच्या डोक्यावरून. मी आम्ल म्हणजे काय ते सांगायला लागले आणि सांगता सांगता रडायला लागले. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बक्षिसाचं काय येवढं!" त्यांना वाटलं मी बक्षिसासाठी रडतेय. किंवा तसं वाटल्याचं त्यांनी दाखवलं.

ज्वालामुखी आतून कोंडलेला असतो वगैरे उपमा मला इथं देता येईल, पण मी देणार नाही. आप्पांना असलं आवडायचं नाही. "दगडाचं दगडाशी, माणसाचं माणसाशी," म्हणायचे. खरं सांगायचं तर आमच्यात पुढं स्फोट-बिट काही झाला नाही, नुसती अखंड बडबड झाली. रात्रीच्या जेवणाला त्याच दिवशी त्यांनी ताटावरून सांगितलं, "भाकरी आन अजून अर्धी." मी अख्खी वाढली, त्यांनी खाल्ली. मग रोज काहीतरी नवीन. भूकंप कशानं होतो, समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी विझत कसे नाहीत, पाऊस पडल्यावर काळी जमीन फुगती का. माझ्या शिकवणीला ते कोपऱ्यात येऊन बसायचे आणि पोरांच्या आधी उत्तर द्यायचे. मी डोळे वटारले की तोंडावर बोट! एकदा मला बसनं मैंदर्गीला घेऊन गेले, विहीर दाखवायला. कठड्यावरून दोघांनी वाकून तो तांबडा पट्टा बघितला. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गंगव्वा आत्यांनी, वाढलेली हुग्गी, गव्हाची खीर, खाल्ली आणि परत आलो. आत्यांना मराठी येत नाही, माझं कन्नड कामापुरतं, त्यामुळं त्या नुसत्या माझ्या गालावरून हात फिरवत राहिल्या.

इतकं सगळं बोललो, पण एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नाही. आप्पा, लग्नात तुम्ही गप्प का होता? मी तुम्हाला नको होते का? कितीदा ओठांवर आलं. पण छान चाललेलं होतं. जुनं उकरून काढायला जीभ रेटली नाही. आणि मग तर ते गेलेच.

त्यांना मैंदर्गीला नेलं, त्यांच्या शेतात. सासरच्या रिवाजाप्रमाणे आप्पांना दहन नाही; विभूती लावून, हार घालून, बसलेल्या स्थितीत मातीत ठेवलं. अंत्यविधीला आमच्याकडे बायकाही जातात. मी मागं उभी होते, पदर ओढून, पुन्हा तशीच. माती द्यायची वेळ आली. सिद्धाराम पुढं झाला, तेवढ्यात गंगव्वा आत्यांनी त्याला काठीनं अडवलं. त्यांना आता नीट दिसत नाही. माझा हात चाचपून धरला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "मोदल आकी हाकलि. आकी मगळ." आधी हिला घालू दे, ही मुलगी आहे.

कुणीतरी कन्नडमध्येच समजावलं, "आत्या, सून हाय ती."

आत्या चिडल्या. कन्नडमध्ये भराभर बोलल्या, पण तेवढं मला सगळं कळलं. मला माहिती आहे कोण आहे ती. यांच्या लग्नाहून तो थेट माझ्याकडं आला होता. इथं बसून रडला आणि म्हणाला, "ननग मगळ सिक्काळ, अक्का." मला मुलगी मिळाली.

लग्नाहून. त्याच दिवशी... म्हणजे ती सगळी वर्षं, मी भाकरी हातात धरून उभी असताना, सगळी वर्षं. तेवढा एक निरोप अव्वांनी पोचवला नाही, की आप्पांनी तो त्यांच्याकडे दिलाच नाही, कोण जाणे. मी रडले, आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून चारचौघांत मोठमोठ्यांदा रडले. मग मूठभर माती घेतली, खाली वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आप्पा, माती घालते हं."

घरी त्यांची खोली आहे तशीच आहे. तिथं शिकवणी हलव, असं सिद्धाराम म्हणतो. हलवेन, घाई काय आहे! दुपारी धूळ फार येते तिथं. काल आत गेले आणि सांगितलं, "आप्पा, खिडकी लावते." आणि लावली.